सूत्रधार आणि पात्रे

चार माणसे एकत्र बसून एखादी गोष्ट उभी करू लागली की, ती गोष्ट नेमकी कोणाची, हा प्रश्न आज ना उद्या निघाल्यावाचून राहत नाही. ज्याने विषय योजला, मांडणी केली व सर्वांस एकत्र आणले त्याची, की ज्यांनी ती आपल्या तोंडाने बोलून दाखविली त्यांची? हा वाद नाटकाइतकाच जुना आहे. परंतु अलीकडे तो एका खेळाच्या निमित्ताने नव्याने निघाला असल्यामुळे त्याचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ प्रसिद्ध केला. त्या जातीचे खेळ आता आपल्याकडील मोठ्या शहरांतील तरुण मंडळीही खेळतात. पाच-सहा जण मेजाभोवती बसतात. त्यांपैकी एक जण सूत्रधार होतो. बाकीचे एकेका पात्राची भूमिका घेतात. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. सूत्रधार प्रसंगाचे वर्णन करतो: समोर पडका किल्ला आहे, दार बंद आहे, आत दिवा मिणमिणत आहे. मग आपले पात्र काय करील ते प्रत्येकाने सांगावयाचे. कृती सिद्धीस जाईल की फसेल याचा संशय असेल, तर फासे टाकून निकाल करावयाचा, आणि त्यातून पुढे काय घडले हे पुन्हा सूत्रधाराने सांगावयाचे. पोशाख नाही, पडदा नाही. जे बोलणारे तेच ऐकणारे.

या खेळात दोन पक्ष पडले आहेत. एक म्हणतो, सूत्रधाराने आठ-आठ दिवस खपून कथानक रचलेले असते. ते एखाद्याच्या लहरीने उधळून देणे हा त्याच्या श्रमांचा व इतर खेळाडूंचाही अपमान होय. दुसरा म्हणतो, आमच्या पात्राने काहीही केले तरी घडणार ते एकच असेल, तर आम्ही बोलावे कशाला? अशा हट्टी सूत्रधाराच्या वर्तनास त्या खेळाच्या परिभाषेत जो शब्द रूढ आहे, त्याचा अर्थ 'रुळांवरून हाकणे' असा आहे. परभणी जिल्ह्यातील पूर्णा जंक्शनावर उभ्या असलेल्या उतारूस तो समजावून सांगावयास नको. तेथून एक वाट परभणीवरून मनमाडकडे, दुसरी नांदेडवरून सिकंदराबादकडे व तिसरी हिंगोलीवरून अकोल्याकडे जाते. उतारूस निवड आहे खरी. पण रूळ टाकले आहेत तेवढ्यापुरतीच. तथापि त्याबद्दल कोणी रागावत नाही. कारण गाडी कोठे जाणार हे आधी जाहीर केलेले असते. पाटी एका गावाची लावून गाडी दुसऱ्याच गावी नेली, तर मात्र त्यास फसवणूक म्हणावे लागेल. आमच्या मते या वादाचे मर्म येथेच आहे, आणि ते आपल्याच रंगभूमीच्या इतिहासावरून अधिक स्पष्ट होते.

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस, चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने, 'सीतास्वयंवर' नाटकाचा प्रयोग केला, हे वाचकांस ठाऊकच आहे. त्या नाटकांची रीत विचार करण्याजोगी होती. सूत्रधार आरंभापासून अखेरपर्यंत रंगभूमीवर उभा असे. सर्व पदे तोच म्हणे. पद संपले की, त्याच्या अनुरोधाने पात्रांनी आपापले भाषण आयत्या वेळी करावयाचे. म्हणजे कथेची दोरी सूत्रधाराच्या हाती, परंतु जीभ पात्राची! रावणाने धनुष्य उचलू नये हे ठरलेले. पण तो कोणत्या शब्दांत गर्जेल आणि कोणत्या शब्दांत खजील होईल, हे त्या नटाने त्या रात्री ठरवावे. याच भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडविल्या होत्या. त्या पुढे रामदास पाध्ये यांनी पुन्हा लोकांपुढे आणिल्या. बाहुली सूत्रधाराचा शब्द कधी मोडीत नाही. ज्याच्यापाशी अशी आज्ञाधारक पात्रे होती, त्याने जिवंत माणसांच्या हाती भाषण सोपविले, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

या स्वातंत्र्याचा दुरुपयोग झाला नाही असे मात्र नाही. भाव्यांच्या मागून निघालेल्या मंडळ्यांत राक्षसांचा आरडाओरडा इतका माजला की, त्या नाटकांस 'अललडुर्र' हे थट्टेचे नाव पडले. ज्यास बोलण्याची मोकळीक आहे पण बोलावयाचे काही नाही, तो ओरडू लागतो. त्यावर उतारा म्हणून 'बुकिश' नाटके आली. विनायक जनार्दन कीर्तने यांच्या 'थोरले माधवराव पेशवे' या १८६१ सालच्या नाटकात भाषणे लिहिलेली होती. पुढे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतला'त पात्रे स्वतःची पदे स्वतः गाऊ लागली व सूत्रधार प्रस्तावनेपुरता उरला. वरवर पाहता पात्रे स्वतंत्र झाली; वस्तुतः दोरी सूत्रधाराच्या हातून निघून ग्रंथकाराच्या हाती गेली. या बदलाने मराठी नाटकास भाषा, रचना आणि खोली लाभली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु समोरच्याचे ऐकून त्याच क्षणी उत्तर देण्याची विद्या नाटकगृहातून हळूहळू मागे पडली, हेही तितकेच खरे.

ती विद्या सर्वस्वी नष्ट झाली नाही. सिंधुदुर्ग व गोवा या भागांतील दशावतारात आजही कथाभाग आधी सांगून ठेवतात व संवाद नट आपल्या बुद्धीने रचितो. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या १९६५ सालच्या वगनाट्यात दादा कोंडके यांनी आयत्या वेळच्या कोट्यांनी प्रेक्षकांस वेड लाविले, तेही या जुन्या तमाशाच्याच शिदोरीवर. आमच्या परभणीच्या मुलखात तर, राजाराम कदम यांच्यासारख्यांनी नावारूपास आणिलेला गोंधळ आहेच. संबळ व तुणतुणे यांच्या साथीत नाईक आख्यान लावितो. साथीदार मध्येच शंका काढितो, थट्टा करितो, भलतेच विचारितो. नाईक त्यास दटावितो, पण त्याच्याच शंकेचा धागा धरून कथा पुढे नेतो. साथीदाराने गप्प बसावे तर आख्यान नीरस होते; त्याने नाईकास कथेकडे परतूच देऊ नये, तर यजमानाचा कुलाचार अपुरा राहतो. येथे दोघांचे हक्क आखून दिलेले नाहीत. पण दोघांसही एकमेकांचे ऐकावे लागते.

मात्र आपल्या या परंपरेची मर्यादाही सांगितली पाहिजे. कोणत्याही सोंगाने कितीही चतुर भाषण केले, तरी सीता रामासच वरणार. आपल्याकडे स्वातंत्र्य होते ते वाणीचे, फलाचे नव्हते. परंतु भाव्यांचा सूत्रधार याविषयी कोणास फसवीत नव्हता. त्या नव्या खेळाचे वचन याहून मोठे आहे. तुमच्या कृतीने पुढचे बदलेल, असे तो खेळाडूस सांगतो. म्हणून तेथील सूत्रधाराने डावे दार उघडा किंवा उजवे उघडा असे विचारून दोन्ही दारांमागे एकच खोली ठेविली, तर तो भाव्यांच्या सूत्रधारापेक्षा अधिक कडक ठरत नाही. तो खोटा ठरतो. उघड नियंत्रण मनुष्यास सोसते. निवडीचे सोंग सोसत नाही. कारण आपल्या निवडीने काहीच बदलत नाही असे ज्यास वारंवार कळते, तो निवडणेच सोडून देतो. ज्या घरांत मुलांस 'तुझे तू ठरव' असे सांगून निर्णय आधीच घेतलेला असतो, त्या घरांतील वडील माणसांनीही या गोष्टीचा विचार करण्यासारखा आहे.

यावरून सूत्रधार नकोच, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकीचा होईल. एकाच खेळाडूने प्रत्येक प्रसंग आपल्याकडे ओढावा व बाकीच्यांनी तोंडाकडे पाहत बसावे, हेही स्वातंत्र्य नव्हे. अशा वेळी जो संकोचाने गप्प आहे त्यास बोलते करण्यासाठीच सूत्रधाराचा अधिकार असतो. तो अधिकार योग्य रीतीने चालला आहे की नाही, याची आमच्या मते एकच कसोटी पुरे आहे: पात्राचे बोलणे ऐकल्यावर सूत्रधाराचे पुढचे वाक्य बदलते काय? बदलत असेल, तर त्याने कथा कितीही घट्ट बांधिली असली तरी हरकत नाही. बदलत नसेल, तर त्याने पाच माणसे गोळा करण्याचे श्रम वाचवून लाकडी बाहुल्या आणाव्यात. त्या त्याचे काम अधिक बिनतक्रार करतील. इतके सुचवून हा लेख पुरा करितो.