वांग्याच्या आकाराची मूस

पारोळ्यात पऱ्हाट्यांवर भरताची वांगी भाजली जातात, तेव्हा मला हटकून 'रसरत्नसमुच्चय' आठवतो. पुण्याच्या आनंदाश्रमाने हा संस्कृत ग्रंथ १८९० मध्ये छापला. आपल्याकडची चर्चा मात्र पाऱ्याचे सोने होते का, इथेच अडते. माझ्या मते ग्रंथाचे बळ उपकरणांच्या वर्णनात आहे. खर्पर, म्हणजे जस्ताचे खनिज, त्याचे सत्त्व काढायला तो 'वृन्ताक मूषा' सांगतो: वांग्याच्या आकाराची, बारा अंगुळे नळीची. उदयपूरजवळ जावर येथे जस्त गाळण्याच्या मातीच्या मुशा सापडल्या, त्यांचा घाटही वांग्यासारखाच. लिहिणाऱ्याला भट्टीची खरी माहिती होती.

पण ही विश्वासार्हता त्याच ग्रंथातल्या पाऱ्याच्या औषधांना आपोआप लागू होत नाही. जस्त नळीतून उतरलेले डोळ्यांना दिसते. म्हातारपण हटल्याचा दावा तसा पडताळता येत नाही. पारा तर मूत्रपिंडे आणि मज्जासंस्था बिघडवतो. 'जुन्या ग्रंथात आहे' एवढ्यावर भस्माची पुडी घेणारे आजही भेटतात. त्यांच्यापुढे मी मुशांचा दहावा अध्याय ठेवतो. बहुतेकांनी तो उघडलेलाच नसतो.