‘द सर्चर्स’ : कॅमेरा कुणाच्या बाजूला?

आवडत्या वेस्टर्न चित्रपटांची यादी करायची तर ‘हाय नून’ (१९५२) आणि ‘शेन’ (१९५३) आम्हीही लिहूच. परंतु मनातून जात नाही तो जॉन फोर्डचा ‘द सर्चर्स’ (१९५६).

याच फोर्डच्या ‘स्टेजकोच’मध्ये (१९३९) अपाची घोडागाडीवर तुटून पडतात आणि गोळ्या खाऊन कोसळतात. त्यांना ना घर, ना बायकामुले. कॅमेरा गाडीतल्या प्रवाशांबरोबर असतो, म्हणून आपणही असतो.

‘द सर्चर्स’ची कथा १८६८ मध्ये टेक्सासात सुरू होते. कोमांची टोळी ईथनच्या (जॉन वेन) भावाचे कुटुंब मारून धाकट्या डेबीला पळवते. ईथन वर्षानुवर्षे पुतणीला शोधत राहतो, आणि हळूहळू उमगते की हा शोध तिला वाचवण्यासाठी उरलेला नाही. कोमांचींची झालेली पुतणी त्याला जिवंत नको आहे. ही नफरत अज्ञानातून आलेली नाही. ईथनला कोमांचींची भाषा येते, त्यांच्या श्रद्धा ठाऊक आहेत. डोळ्यांविना आत्मा भटकत राहतो, ही त्यांची समजूत माहीत असल्यामुळेच तो पुरलेल्या प्रेताचे डोळे गोळीने फोडतो! एकमेकांची ओळख वाढली की द्वेष सरेल, असे आपण सभासंमेलनांतून सांगत आलो. हे दृश्य पाहताना ते वाक्य घशात अडकते.

टोळीचा सरदार स्कार सांगतो की गोऱ्यांनी त्याचे दोन मुलगे मारले. बस्स, एवढीच त्याची बाजू. ही भूमिकाही हेन्री ब्रँडन या जर्मनीत जन्मलेल्या नटाला मिळाली. ज्यांच्या भूमीवर, मॉन्युमेंट व्हॅलीत, चित्रीकरण झाले ते नवाहो लोक मागच्या गर्दीत कोमांची म्हणून उभे राहिले. लुक नावाच्या कोमांची स्त्रीला लाथ मारून टेकडीवरून गडगडवले जाते आणि फोर्ड त्यावर हशा मागतो. पुढे घोडदळाच्या हल्ल्यात तिचे प्रेत सापडते तेव्हा तो हशा आठवून आम्हाला शरम वाटली. फोर्डला वाटली असेल का?

दुसऱ्याच्या कॅमेऱ्यातून स्वतःला पाहण्याची सवय आपल्यालाही आहे. वेस्टर्नच्या वळणावर गेलेल्या ‘शोले’तले (१९७५) इमामसाहेब आठवा. ए. के. हनगल यांनी ते जीव ओतून उभे केले. अंध, सज्जन, गावासाठी मुलगा गमावूनही न खचणारे. पण त्यांना रागवायची मुभा कुठे आहे? स्कारजवळ निदान राग तरी आहे.

शेवटी ईथन डेबीला मारत नाही, उचलून घेतो. शेजाऱ्यांच्या घरी तिला पोचवून तो दाराबाहेरच राहतो आणि दार मिटते. या चौकटीवर समीक्षकांनी पुष्कळ लिहिले आहे, सारे बाहेरच्या ईथनविषयी. आम्हाला डेबीचा चेहरा पाहायचा होता. हेच आपले लोक, असे कोमांचींविषयी तिने आधी सांगितले होते. आता ती काहीच बोलत नाही, आणि तिला कुणी विचारतही नाही.