जामखेडचा प्रयोग : आरोग्य आणि अवर्षण

डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडच्या अवर्षणप्रवण परिसरात ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प आरंभिला. त्या प्रयोगाची हकीकत त्यांच्या ‘जामखेड’ या १९९४ सालच्या इंग्रजी ग्रंथात आली आहे. ग्रंथाचे खरे महत्त्व असे की, तो रोगाचे मूळ दवाखान्याबाहेर शोधतो. दुष्काळाच्या त्या दिवसांत गावकऱ्यांची पहिली मागणी औषधाची नव्हती. पाण्याची आणि अन्नाची होती. ती प्रमाण मानून विंधनविहिरी घेण्यात आल्या आणि गावातीलच, बहुधा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविकेचे शिक्षण देण्यात आले.

तथापि एक आक्षेप उरतोच. पाणी, आहार, लसटोचणी व स्त्रियांचे संघटन ही कामे एकत्रच चालली असता बालमृत्यू घटल्याचे श्रेय कोणास किती द्यावयाचे, याचा उलगडा प्रयोगकर्त्यांच्या स्वतःच्या कथनातून होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने प्रकल्पातील गावांची इतर गावांशी तुलना केली. प्रकल्पाच्या गावांत बालमृत्यूचा धोका कमी आढळला. परंतु श्रेयाची वाटणी त्यानेही होत नाही.

वस्तुतः ती व्हावी, हा आग्रहच तपासून पाहिला पाहिजे. पाऊस अधिकाधिक बेभरवशाचा होत असताना संशोधनास साहाय्य देणाऱ्यांनी सुटा करून मोजता येईल अशाच उपायास मान दिला, तर विहीर ही आरोग्याची बाब कधीच ठरणार नाही. जामखेडचा धडा नेमका याच्या उलट आहे.