संवादांपलीकडचा लक्ष्या

१६ डिसेंबर २००४ रोजी लक्ष्मीकांत बेर्डे गेले, तेव्हा त्यांनी जेमतेम पन्नाशी गाठली होती. त्या वेळी जन्मालाही न आलेली पोरं आज त्यांना हक्कानं ‘लक्ष्या’ म्हणतात आणि ‘अशी ही बनवाबनवी’तले संवाद पडद्यावरच्या नटाच्या आधी म्हणून दाखवतात. एवढी माया मरणानंतर मराठीतल्या फार थोड्या नटांना मिळाली. मात्र चाहत्यांची आठवण संवादांपाशी येऊन अडते, आणि बेर्ड्यांची खरी कमाई तिथं नव्हतीच. वाक्य लेखक वसंत सबनीसांचं असायचं. ते कानावर पडल्यावर उडणारी भंबेरी बेर्ड्यांची.

‘बनवाबनवी’ (१९८८) या नजरेनं पुन्हा पाहावा. साडी नेसलेला पुरुष हा आपल्याकडे चावून चोथा झालेला विनोद. सचिनची सुधा नेटकी, ठाकठीक. कुणाच्याही घरात खपून जाईल अशी. बेर्ड्यांची पार्वती मात्र प्रत्येक क्षणी ‘आता पकडले गेलो’ या धास्तीत वावरते. पदर सावरणारा हात बाईचा आणि डोळे घाबरलेल्या परशाचे. त्यामुळे आपण बाईपणाला हसत नाही, भाड्याच्या खोलीसाठी बाईचं सोंग घेऊन कोंडीत सापडलेल्या गड्याला हसतो. ‘झपाटलेला’त (१९९३) तर समोर रामदास पाध्यांचा बाहुला होता, तात्या विंचू. बाहुल्याच्या चेहऱ्यावर हावभाव येऊन येऊन किती येणार? तात्या विंचूची दहशत आपल्यापर्यंत पोचली ती बेर्ड्यांच्या थरथरीतून. घाबरणं इतकं खरं आणि तरीही इतकं हास्यास्पद करणं सोपं नाही.

हे अंग रंगभूमीवर घडलं होतं. मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी, जोडीला मिळतील त्या बारीकसारीक भूमिका, आणि मग पुरुषोत्तम बेर्ड्यांचं ‘टूरटूर’. राजा गोसावी, शरद तळवलकर यांचा विनोद मध्यमवर्गीय घरातला, दादा कोंडक्यांचा गावाकडचा. ‘धूमधडाका’पासून (१९८५) अशोक सराफ आणि बेर्डे यांनी शहरातला, खिसा फाटका पण तोंड चालू असलेला तरुण मध्यभागी आणला.

समीक्षकांनी या लाटेला ‘थिल्लर’ ठरवून हात झटकले. चाहते एक उणा शब्द ऐकायला तयार नाहीत. दोघांनीही नट नीट पाहिला नाही. खरं सांगायचं तर बेर्ड्यांचे कितीतरी चित्रपट आज बघवत नाहीत. संहितेच्या जागी लक्ष्या उभा करायचा आणि तो ओरडून, धडपडून वेळ मारून नेईल या भरवशावर ते काढलेले. त्यांनीही तशी कामं नाकारली नाहीत. हिंदीत ‘मैंने प्यार किया’नं दार उघडलं खरं, पण आत बहुधा नायकाचा मित्र नाहीतर घरगडी हीच जागा राखून ठेवलेली होती.

अपवाद एक, आणि तो ठसठशीत: ‘एक होता विदूषक’ (१९९२). दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, पटकथा पु. ल. देशपांड्यांची. तमाशातल्या सोंगाड्याचा सिनेमातला नट होतो आणि पुढे राजकारण त्याला वापरून घेतं. इथं बेर्डे तोच चेहरा, तीच लकब घेऊन येतात, पण हसू संपल्यावरही कॅमेरा त्यांच्यावरून हलत नाही. उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लक्ष्या शोधायला आलेला प्रेक्षक मात्र हिरमुसला. माझ्या मते ही त्यांची सर्वोत्तम भूमिका, आणि चाहत्यांच्या आठवणींत तीच सगळ्यात मागे.

ते गेले त्याच वर्षी ‘श्वास’ झळकला आणि मराठी सिनेमाची प्रतिष्ठा गंभीर विषयांकडे वळली. त्याबद्दल तक्रार नाही. पण विनोदाचं बिऱ्हाड हळूहळू दूरचित्रवाणीवर गेलं. ‘चला हवा येऊ द्या’, ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ यांतले नट अस्सल आहेत, लेखकही. अडचण स्किटची आहे. काही मिनिटांत हशा वसूल करायचा म्हटल्यावर पात्राला घाबरायला, फसायला, पुन्हा सावरायला उसंत कुठून मिळणार? सिद्धार्थ जाधवसारख्या नटाच्या अंगात ती लवलव आहे. त्याच्यासाठी दोन तास पेलणारं पात्र लिहिणारे हात कमी पडतात.

दुसरी उणीव नोंदींची. बेर्डे रंगमंचावर ऐनवेळी काय करायचे, सहनटाला कसं हसवायचे, प्रेक्षागृह थंड असेल तेव्हा गती कशी बदलायचे, याचं बारकाईनं केलेलं लेखन शोधावं लागतं. ‘आठवणीतला लक्ष्या’ छापाचे हळवे लेख मात्र ढीगभर. ‘टूरटूर’मधले विजय कदम २०२४ मध्ये गेले. पुरुषोत्तम बेर्डे, प्रशांत दामले यांच्याकडे तो काळ अजून जिवंत आहे. त्यांच्यासमोर बसून एकेका प्रवेशाबद्दल विचारावं आणि ते तपशीलवार लिहून घ्यावं. हे काम नाट्यपरिषदेनं करावं, विद्यापीठानं करावं, किंवा एखाद्या वेड्या चाहत्यानं. पण लवकर करावं.