बागेचा नकाशा आणि बागेचे पाणी

गेल्या हिवाळ्यात आम्ही आमच्या उर्दू शाळेची सहावीची मुले घेऊन मुळशीच्या एका रिसॉर्टवर सहलीला गेलो होतो. आत शिरताच 'मुघल गार्डन' अशी पाटी. हिरवळीचे चार चौकोन, मधोमध कारंजे, कडेने निळ्या फरशांचे पाट. कारंजे बंद, पाट कोरडे. हिरवळ मात्र ओलीचिंब. एका मुलाने विचारले, "सर, ये पानी आता कहाँ से?" माळीदादांनीच उत्तर दिले, "टँकरनं." समोर मुळशी धरणाचे पाणी उन्हात चमकत होते.

बागेच्या समीक्षेचा पहिला प्रश्न हाच असायला हवा, असे आम्हांला वाटते. पण बागांवर लिहिणारे बहुधा नकाशावरच थांबतात. चारबाग म्हणजे जन्नतमधल्या चार नहरांची प्रतिमा, हे आम्हीही वर्गात सांगतो. ते खोटे नाही; पण अपुरे आहे. इराणात पसारगादे येथे सायरसच्या राजवाड्याजवळ दगडी पाटांनी आखलेली बाग होती, ती इस्लामच्या हजार वर्षांहून अधिक आधीची. 'फिरदौस' हा शब्दच कुंपण घातलेल्या जागेसाठी असलेल्या जुन्या इराणी शब्दापासून आला. कोरड्या मुलखात चौकोन आखणे म्हणजे आधी पाण्याची वाटणी करणे. हिंदुस्थानात वाहते पाणी नाही, ही बाबराची तक्रार 'बाबरनाम्या'त आहे, आणि आग्र्याला बागेचे काम काढले तेव्हा सुरुवात त्याने विहिरीपासून केली.

आपल्या दख्खनमध्ये तर हे अधिकच खरे. अहमदनगरचा (आजचे अहिल्यानगर) फराहबाग १५८३मध्ये पूर्ण झाला. महाल तलावाच्या मधोमध बांधलेला. आज इमारत उभी आहे, तलाव कोरडा आहे. पाणी गेल्यावर बागेचे काय उरते, ते तिथे जाऊन पाहावे. औरंगाबादच्या (आजचे छत्रपती संभाजीनगर) बीबी का मकबऱ्याला ताजमहालाची फिकी नक्कल म्हणून हिणवण्याची रीतच पडली आहे. पण हा चारबाग ज्या शहरात उभा राहिला, त्या शहराला मलिक अंबरने काही दशके आधीच डोंगरातून जमिनीखालच्या नहरीने पाणी आणून दिले होते. मोटार नाही, वीज नाही, नुसता उतार. आमच्या मते मकबऱ्याची तुलना ताजशी करण्याऐवजी त्या नहरीबरोबर तो वाचावा. पुण्याच्या शनिवारवाड्यातले हजारी कारंजेही याच घराण्यातले. त्याला पाणी कात्रजहून येई, आणि तेच पाणी शहरातल्या हौदांनाही मिळे. बागेला धर्म चिकटवणाऱ्यांनी एकदा तिकडे पाहावे. अर्थात या बागा राजे-बादशहांच्या होत्या, रयतेच्या नव्हत्या, हे आम्ही विसरत नाही.

आता मुळशी. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली इथे सत्याग्रह झाला. सेनापती बापटांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. तरी गावे बुडालीच. ते पाणी घाट उतरून भिऱ्याला वीज करते. शेजारच्या मोसे खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या काठी, पुढे लवासा उभे राहिले. त्याचा आराखडा अमेरिकेतल्या एचओके कंपनीचा. त्यात एक कल्पना आम्हांला फार आवडली. पाऊस एकदम वाहून जाऊ नये म्हणून मुंग्या वारुळाभोवती पाणी कसे वळवतात ते पाहून चर आखायचे. पिंपळवर्गीय झाडाच्या पानाचे टोक पाणी कसे झटकते ते पाहून छपराची कौले घडवायची. सूरह नम्ल वाचणाऱ्यांना मुंगीकडून शिकणे परके वाटू नये! बागरचनेचे भविष्य असेल तर ते इथेच, या निरीक्षणात.

पण काठावर दर्शनी दिसले ते इटलीतल्या पोर्टोफिनोच्या धर्तीचे रंगीत गाव. २०१०मध्ये पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवले, २०१८मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. मुंगी वाचणाऱ्या या प्रकल्पावर आदिवासींच्या जमिनींच्या तक्रारी झाल्या. मुंगीला जागा होती, कातकऱ्याला किती होती? मलिक अंबरची नहर आणि हा आराखडा, दोन्हींत पाण्याची बुद्धी आहे. फरक पडतो तो पाणी शेवटी कुणाच्या घागरीत पडते इथे.

आणि दोष फक्त वास्तुकारांचा नाही, आमचाही आहे. आपल्या गझलेत गुलशन आहे, बुलबुल आहे, सय्याद आहे. बागबान येतो तोही रूपक म्हणून. मंडईत पहाटे माल उतरवणारे आमचे बागवान भाई, ज्यांच्या नावातच बाग आहे, ते मात्र त्या गुलशनमध्ये आमच्या वाचनात फारसे आले नाहीत. ज्या हातांनी पाट फोडून वाफ्यात पाणी सोडले, त्यांच्यावर एखादी कथा लिहिणे उपमा शोधण्यापेक्षा कठीण आहे, हे मान्य.

सहलीहून परतल्यावर आम्ही मुलांना बागेचे चित्र काढायला सांगितले. बहुतेकांनी उडते कारंजे काढले. त्या मुलाने फाटकाबाहेर उभा टँकर काढला, पाइपसकट, आणि शेजारी पाइप धरलेले माळीदादा.