परका कोण?

प्रवासवर्णनाचा खरा कस निसर्गचित्रणात लागत नाही. ज्यांच्या भूमीतून लेखक चालला, त्यांच्या भाषेशी तो कसा वागला, यात तो लागतो. जॉर्ज बॉरो या इंग्रज लेखकाने १८५४ साली वेल्समध्ये पायी भ्रमंती केली आणि १८६२ साली ‘वाइल्ड वेल्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात डोंगर आहेत, धबधबे आहेत आणि स्वतःच्या भाषाज्ञानाची प्रौढीही पुष्कळ आहे. तरीही तो ग्रंथ टिकला, कारण बॉरो तेथे गेला तो वेल्श शिकूनच. वाटेवरचा माणूस त्याच्या पानांत देखाव्याचा भाग होत नाही. तो बोलतो, प्रसंगी उलट प्रश्नही विचारतो. ‘वेल्श’ या शब्दाचा मूळ अर्थच मुळी ‘परके’. इंग्रजांनी त्या लोकांना त्यांच्याच भूमीत दिलेले हे नाव! ते स्वतःला ‘कम्री’, म्हणजे ‘एका देशाचे सोबती’, म्हणवतात.

हे सारे आपल्यापासून फार दूरचे आहे, असे वाचकाने समजू नये. गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकशाच्या जंगलात राहणाऱ्यांना आपण माडिया गोंड म्हणतो. पण ‘गोंड’ हे नाव इतरांनी दिलेले. गोंड स्वतःला ‘कोयतूर’ म्हणतात. माडिया बोली द्राविडी कुळातली आहे. मराठीशी तिचे नाते शेजाराचे, रक्ताचे नव्हे. इंद्रावतीपलीकडच्या बस्तर संस्थानाचा कारभार पाहिलेल्या डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांनी १९३८ साली ‘द मारिया गोंड्स ऑफ बस्तर’ हा ग्रंथ लिहिला. त्यातील परिश्रमांविषयी आदरच वाटतो. परंतु त्यातील वर्गीकरण पाहा : एक शाखा डोंगरावरून ओळखली जाते, तर दुसरी नृत्यातील गव्याच्या शिंगांच्या शिरोभूषणावरून. ही नावे डोळ्यांनी ठेवली आहेत, कानांनी नव्हेत.

मात्र ग्रिगसनांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. बाबा आमटे यांनी १९७३ साली हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आमटे यांच्या ‘प्रकाशवाटा’तून तो घरोघर पोहोचला. मराठी वाचकाने त्यातील त्याग वंदनीय मानला, वन्य प्राण्यांचे कौतुक केले. पण दुखते कुठे, हे रोग्याच्या बोलीत विचारता यावे म्हणून डॉक्टरांना आधी माडिया शिकावी लागली, या गोष्टीपाशी तो क्वचितच थांबला. वास्तविक तेथेच या अनुभवाचे मर्म आहे. शिकलेला माणूस तेथे प्रथम विद्यार्थी झाला.

२०११ च्या जनगणनेत गोंडी भाषकांची संख्या २९ लाखांहून अधिक भरली. तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गोंडीला स्थान नाही. अशा वेळी अरण्यावर लिहिणाऱ्या मराठी लेखकाकडून मोहाच्या फुलांची आणखी वर्णने नकोत. त्याच्या पुस्तकातला माडिया माणूस स्वतःचे नाव स्वतः सांगतो की नाही, एवढे समीक्षेने विचारावे. राज्याची सीमा आपल्या बाजूने असली, तरी हेमलकशात परकी असलेली भाषा आपलीच आहे.