‘शांतला’ : एका पुस्तकातील तेलन्हाण

फ्रेदेरिक लब्वाये (१९१८–२०१७) या फ्रेंच प्रसूतितज्ज्ञांनी १९७४ साली हिंसेवाचून जन्म व्हावा असे प्रतिपादणारे पुस्तक लिहिले. मंद प्रकाश, शांतता, नाळ कापण्यात घाई नको, मग कोमट पाणी, असा त्यांचा आग्रह होता. १९७६ सालचे त्यांचे ‘शांतला’ हे पुस्तक मात्र थेट आपल्या न्हाणीच्या दारात येऊन उभे राहते. कलकत्त्यास पाहिलेली एक आई पाय पसरून बसली आहे, पायांवर तान्हे आहे, आणि ती त्यास तेल चोळीत आहे. कृष्णधवल छायाचित्रे व मोजके काव्यमय शब्द, एवढाच पुस्तकाचा पसारा.

छायाचित्रे खरोखर मनोहर आहेत. बोटे छातीवरून हातांकडे, पोटावरून पायांकडे सरकतात. त्यांत ना घाई, ना दयेचा आविर्भाव. ज्या कामाला आपण नित्याचे म्हणून कधी निरखून पाहिले नाही, त्याला या परक्या गृहस्थाने ‘कला’ म्हटले, याचे श्रेय त्यांस दिलेच पाहिजे.

परंतु पुढे या कलेचे ‘निसर्ग’ झाले, आणि घोटाळा तेथेच आहे. तेल लावणे ही शिकलेली विद्या आहे. आपल्याकडे ती बहुधा आईच्या हाती नसे. सुईण, आजी किंवा न्हाऊ घालणारी बाई बाळाला अन् बाळंतिणीला, दोघांनाही तेल लावी. आई स्वतःच शुश्रूषेची अधिकारी होती. लब्वाये यांच्या चौकटीत मायलेकरेच उरतात. पाणी तापविणारी, शेगडी फुंकणारी, ओले कपडे पिळणारी बाई कोठेच नाही.

आजच्या निसर्गवादी मातृत्वाने हीच चौकट उचलली आहे. लुगड्याची दुपटी, कापडी लंगोट उत्तमच. कचरा कमी होतो हे खरे. पण रात्रीचे दहा लंगोट धुणार कोण? दोन खोल्यांच्या बिऱ्हाडातील एकटी सून? (जुने ते सारे नैसर्गिक, हाही एक भ्रमच. पहिला चीक पिळून टाकणे आणि कोंडलेल्या खोलीत धुरी देणे या रूढीच होत्या, आणि त्या बाळास अपायकारक होत्या.)

ब्राझीलमध्ये बालमर्दनाला आज ‘शांतला’ हेच नाव आहे. एका बाईचे नाव पद्धतीला मिळाले. पण पुस्तक मिटताना मनात येते, तिच्या पाठीला तेल कोण लावीत असे?